उत्तर यंत्राला ठाऊक; डाव मात्र माणसाचा

२८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बाटुमी या काळ्या समुद्राकाठच्या नगरात महिलांच्या विश्वचषक बुद्धिबळ स्पर्धेचा अखेरचा निर्णय लागला आणि नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख विजयी झाली. पटाच्या दुसऱ्या बाजूला होत्या कोनेरू हम्पी. दिव्याचा जन्म २००५ सालचा. हम्पींनी ग्रँडमास्टर ही पदवी त्याआधीच, २००२ साली, संपादन केलेली. अंतिम फेरीतील दोन्ही संथ डाव बरोबरीत सुटले. त्यानंतरच्या जलद डावांपैकी पहिलाही बरोबरीत सुटला. दुसऱ्यात मात्र वेळेच्या तंगीत हम्पींच्या हातून चूक झाली आणि काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या दिव्याने तो डाव व त्याबरोबर विश्वचषकही पदरात पाडून घेतला.

या प्रसंगातील एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. त्या अखेरच्या खेळ्या चालू असताना सीताबर्डीवरील एखाद्या कचेरीत हातातील मोबाइलवर तो सामना पाहणाऱ्या सामान्य कारकुनालाही पटावरची ‘खरी’ स्थिती त्या दोन निष्णात खेळाडूंपेक्षा अधिक अचूकपणे कळत होती. फुकट मिळणारी एक संगणकीय प्रणाली कोणाचे पारडे जड आहे, कोणती खेळी बिनचूक आणि कोणती घातक, हे क्षणाक्षणाला सांगत होती. उत्तर सर्वांना उपलब्ध होते. ते नव्हते फक्त त्या दोघींना. आणि तरीही पाहणाऱ्यांचे लक्ष यंत्राच्या उत्तराकडे नव्हते, त्या दोघींच्या चेहऱ्याकडे होते. उत्तर ठाऊक असलेल्या कोड्यात माणसाचे मन एवढे गुंतून का पडावे? बुद्धिबळाच्या चिरंतन आकर्षणाचे मर्म या प्रश्नात दडले आहे; आणि शिक्षण हा ज्यांचा व्यवसाय अथवा ध्यास आहे, त्यांच्या दृष्टीने आज हा प्रश्न केवळ खेळापुरता उरलेला नाही.

पेशवाईपासून आजपर्यंत

सातव्या शतकातील बाणभट्टाच्या ‘हर्षचरिता’त ज्याचा उल्लेख आढळतो तो चतुरंगाचा खेळ भारतातून इराणात, तेथून अरबांकडे आणि पुढे युरोपात गेला. तेथे पंधराव्या शतकाच्या अखेरीस वजीर व उंट यांना आजचे सामर्थ्य प्राप्त झाले आणि खेळाची गती एकदम वाढली. आपल्याकडे मात्र देशी पद्धत दीर्घकाळ टिकून राहिली. प्यादे आरंभी एकच घर चालावयाचे, राजाला एकदा घोड्याप्रमाणे उडी घेण्याची मुभा असावयाची, असे तिचे काही विशेष होते. प्याद्याने दिलेली मात ही तर कौशल्याची परमावधी समजली जाई. राजाला हत्तीने किंवा वजिराने कोंडणे कोणालाही जमेल. पटावरच्या सर्वांत दुबळ्या शिपायाकडून त्याला शरण आणणे यात खरा पराक्रम, अशी त्यामागची रसिकता होती. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचा बुद्धिबळावरील ग्रंथ इंग्रजी रूपात १८१४ साली मुंबईत छापला गेला. म्हणजे मराठी मुलुखात या खेळाचा शास्त्रशुद्ध विचार पेशवाई संपण्यापूर्वीच सुरू झालेला होता.

स्वातंत्र्योत्तर काळात आंतरराष्ट्रीय नियमांचा अंगीकार झाल्यावरही हा धागा तुटला नाही. १९५५ साली झालेल्या पहिल्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेचे संयुक्त विजेतेपद रामचंद्र सप्रे यांच्याकडे आले. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या द्वारा पिढ्या घडविल्या. १९७४ मध्ये महिलांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली ती वासंती खाडिलकर यांच्या विजयाने. आणि पुढे वासंती, जयश्री व रोहिणी या तिघी भगिनींनी त्या स्पर्धेवर दीर्घकाळ वर्चस्व गाजविले. रोहिणी खाडिलकर १९८१ साली आशियाई विजेत्या झाल्या. सांगलीच्याच भाग्यश्री साठे-ठिपसे यांनी ती परंपरा पुढे नेली. या परंपरेत नागपूरचे नाव ठळकपणे आले ते मात्र अलीकडे. २०१९ साली रौनक साधवानी याने अवघ्या तेराव्या वर्षी ग्रँडमास्टर पदवी मिळविली, २०२१ साली संकल्प गुप्ता याने, आणि २०२५ साली दिव्याने. ती देशाची अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर होय. महिलांमध्ये केवळ चौथी.

नियम बदलले, राज्ये बदलली, घड्याळ आले, संगणक आला. परंतु खेळाचा गाभा बदलला नाही. तो गाभा कोणता, याचा शोध घेताना गणिताचे आणि अर्थशास्त्राचे बोट धरावे लागते.

उत्तर आहे, पण हाती लागत नाही

१९१३ साली झर्मेलो या जर्मन गणितज्ञाने बुद्धिबळाविषयी एक विलक्षण गोष्ट सिद्ध केली. ज्या खेळात दोघे आळीपाळीने खेळतात, काहीही झाकलेले नसते आणि दैवाला स्थान नसते, अशा खेळाचा निकाल तत्त्वतः आधीच ठरलेला असतो, हे त्या विवेचनाचे तात्पर्य. एक तर पांढऱ्याला हमखास विजय मिळवून देणारी युक्ती अस्तित्वात असते, किंवा काळ्याला, किंवा मग दोघांनाही निदान बरोबरी राखता येते. चौथी शक्यता नाही. वरवर पाहता हा खेळाचा मृत्युलेखच वाटावा. परंतु या तिहींपैकी सत्य कोणते, हे आज शतक उलटून गेले तरी कोणालाही सांगता आलेले नाही.

याचे कारण संख्येत आहे. पांढऱ्याच्या पहिल्या खेळीला वीस पर्याय, तिच्या उत्तराला वीस. दोघांची एकेक खेळी होताच चारशे शक्यता उभ्या राहतात. क्लॉड शॅनन यांनी १९५० साली केलेल्या अंदाजानुसार संभाव्य डावांची संख्या एकावर एकशे वीस शून्ये इतकी भरते. दृश्य विश्वातील अणूंची संख्या साधारणपणे एकावर ऐंशी शून्ये मानली जाते, हे लक्षात घेतले म्हणजे या संख्येच्या अफाटपणाची कल्पना येईल. चेकर्स हा तुलनेने सोपा खेळ २००७ मध्ये संगणकाच्या साहाय्याने पूर्णपणे उलगडला गेला. दोघांनीही निर्दोष खेळ केल्यास तो बरोबरीत सुटतो, हे निश्चित झाले. बुद्धिबळाच्या बाबतीत तसे होण्याचे चिन्ह दृष्टिपथात नाही.

नेमक्या याच जागी या खेळाचा मानवी जीवनाशी सांधा जुळतो. अर्थशास्त्राच्या जुन्या पाठ्यपुस्तकांतील ‘विवेकी मनुष्य’ सर्व पर्याय जाणतो, सर्व परिणाम मोजतो आणि त्यांतील सर्वोत्तम निवडतो. असा मनुष्य बुद्धिबळ खेळूच शकणार नाही; त्याच्या दृष्टीने पहिल्या खेळीपूर्वीच डाव संपलेला असेल. हर्बर्ट सायमन यांनी या काल्पनिक माणसाच्या जागी खराखुरा माणूस बसविला. हा खरा माणूस मर्यादित माहितीवर, मर्यादित वेळात, ‘सर्वोत्तम’ नव्हे तर ‘पुरेसे चांगले’ उत्तर शोधून पुढे जातो. मर्यादित विवेकशीलतेची ही मीमांसा करणाऱ्या सायमन यांना १९७८ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आणि त्यांच्या संशोधनाचे एक आवडते साधन होते बुद्धिबळाचा पट.

सायमन आणि विल्यम चेस यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग शिक्षकांनी मनाशी जपून ठेवावा असा आहे. प्रत्यक्ष डावातील एखादी स्थिती काही सेकंद दाखवून पट झाकला, तर निष्णात खेळाडू ती जवळजवळ जशीच्या तशी पुन्हा मांडतो. नवशिक्याला चारपाच मोहऱ्यांपलीकडे आठवत नाही. पण तीच मोहरी वाटेल तशी विखरून मांडली, की निष्णाताची स्मृतीही जवळपास नवशिक्याच्या पातळीवर येते. याचा अर्थ असा, की निष्णाताजवळ काही अलौकिक स्मरणशक्ती नसते. वर्षानुवर्षे स्वतः विचार करून, चुकून, हरून त्याने अर्थपूर्ण आकृत्यांचा एक साठा मनात रचलेला असतो. तो साठा उसना मिळत नाही.

यंत्राच्या विजयानंतर

सायमन आणि त्यांचे सहकारी ॲलन न्यूएल यांनी १९५७ साली असेही भाकीत केले होते, की दहा वर्षांच्या आत संगणक बुद्धिबळाचा जगज्जेता होईल. भाकीत खरे ठरले; मात्र दहाऐवजी चाळीस वर्षे लागली. मे १९९७ मध्ये न्यूयॉर्क येथे आयबीएमच्या ‘डीप ब्लू’ने जगज्जेत्या गॅरी कास्पारोव्हला साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी पराभूत केले. सेकंदाला वीस कोटी स्थितींचा हिशेब करणारे ते अगडबंब यंत्र होते. त्या वेळी अनेकांनी बुद्धिबळाचे भवितव्य अंधकारमय असल्याचा निर्वाळा दिला. जे काम यंत्र अधिक चांगले करते, त्यात माणसाने आयुष्य का घालवावे, हा त्यांचा प्रश्न तर्काला धरूनच होता.

परंतु घडले ते नेमके उलट. १९८८ साली विश्वनाथन आनंद यांच्या रूपाने देशाला पहिला ग्रँडमास्टर लाभला. १९९७ अखेर ही संख्या प्रवीण ठिपसे यांच्यासह अवघी तीन होती. दिव्यापर्यंतचे उरलेले पंचाऐंशी जण यंत्राच्या त्या विजयानंतरचे आहेत. मोटारगाडी निघाली म्हणून माणसाने धावण्याच्या शर्यती सोडल्या नाहीत, हे उदाहरण येथे नेहमी दिले जाते. पण ते अपुरे आहे. धावण्याच्या शर्यतीत आपण वेग पाहतो. बुद्धिबळात आपण निर्णय पाहतो. एका माणसाने, स्वतःच्या जबाबदारीवर, अपुऱ्या वेळात घेतलेला आणि मागे न घेता येणारा निर्णय. मोहऱ्याला हात लागला की ते चालवावेच लागते. फासा नाही, म्हणून नशिबाला बोल लावता येत नाही. पाने झाकलेली नाहीत, म्हणून माहिती लपविल्याची तक्रार करता येत नाही. सहखेळाडू नाही, म्हणून दुसऱ्याकडे बोट दाखविता येत नाही. यंत्राला चूक होण्याचे भय नाही; म्हणून त्याच्या अचूक खेळीत पाहणाऱ्याचा श्वास रोखून धरण्याचे सामर्थ्यही नाही.

हेच आकर्षण बुद्धिबळाच्या पटाबाहेर, खास संगणकासाठी रचलेल्या आळीपाळीच्या खेळांतही आढळते. सिड मायर यांचा ‘सिव्हिलायझेशन’ हा खेळ १९९१ साली निघाला. इसवी सनापूर्वी ४००० या काळात एक वसाहत उभारून आरंभ करावयाचा आणि शेती, उत्पादन, व्यापार, विद्या व युद्ध यांचा मेळ घालीत अंतराळयुगापर्यंत यावयाचे, असे त्याचे स्वरूप. धान्यकोठार बांधावे की सैन्य उभारावे, आजचा उपभोग कमी करून उद्याची विद्या वाढवावी काय, हे अर्थशास्त्राच्या वर्गातील प्रश्न तेथे खेळाडूपुढे पाळीपाळीने येतात. खेळाडू निर्णय घेईपर्यंत ते सारे जग थांबून राहते. त्याच्या आरंभीच्या आवृत्तीतील चित्रे आज बाळबोध वाटतात. तरी तिचे चाहते आहेत, आणि या मालिकेतील सातवा खेळ फेब्रुवारी २०२५ मध्ये बाजारात आला. ‘आणखी एकच पाळी’ म्हणत मध्यरात्र उलटवणाऱ्या खेळाडूंची गोष्ट तर या खेळापुरती म्हणच होऊन बसली आहे. संगणकावरील बहुतेक खेळ बोटांच्या चपळाईची परीक्षा घेतात. येथे मात्र घाई करणारा हरतो आणि थांबून विचार करणारा तरतो. सर्व बाजूंनी घाई लादणाऱ्या युगात, ‘तुझी पाळी आहे, विचार कर’ असे सांगणारा खेळ मनाला विसावा देतो, यात नवल नाही.

ज्ञान स्वस्त, संधी महाग

यंत्राने बुद्धिबळ मारले तर नाहीच, उलट नागपूरसारख्या शहराला त्याने हात दिला, हेही मान्य केले पाहिजे. पूर्वी उत्तम प्रशिक्षक, दुर्मिळ पुस्तके आणि तोडीस तोड प्रतिस्पर्धी यांच्या सान्निध्यात राहणाऱ्यांनाच वर येता येई. चेन्नईत ते वातावरण होते, सांगलीत काही प्रमाणात होते. इतरत्र त्याची वानवा होती. २००८ साली ‘स्टॉकफिश’ ही प्रणाली निघाली आणि ती कोणालाही विनामूल्य मिळू लागली. जगातील कोणत्याही खेळाडूशी घरबसल्या खेळता येऊ लागले. अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर ज्ञानाची किंमत शून्याजवळ आली आणि अंतराचा तोटा बऱ्याच अंशी भरून निघाला.

परंतु ज्ञान स्वस्त झाले म्हणून संधी स्वस्त झाली, असे मानणे हा भ्रम ठरेल. ग्रँडमास्टर पदवीसाठी सामान्यतः तीन नॉर्म आणि २५०० गुणांकन लागते. हे नॉर्म आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून, विविध देशांच्या पदवीधारक खेळाडूंशी झुंजूनच मिळवावे लागतात. त्यासाठी प्रवास, निवास, प्रवेशशुल्क आणि सोबत जाणाऱ्या पालकाचा बुडालेला रोजगार, हे सारे आले. दिव्याने एकही ग्रँडमास्टर नॉर्म हाती नसताना विश्वचषक जिंकून थेट ती पदवी मिळविली. हा अपवादच होय. पंधरावे मानांकन घेऊन बाटुमीला गेलेल्या खेळाडूने विजेती व्हावे, हा अपवाद मनोहर असला तरी अपवादांवर धोरण उभारता येत नाही. तिच्यामागे डॉक्टर आईवडिलांचे पाठबळ होते आणि आरंभीच्या काळात राहुल जोशी यांच्यासारख्या नागपूरच्याच प्रशिक्षकाचे मार्गदर्शन होते. शिष्येचा हा विजय पाहण्यास ते राहिले नाहीत. २०२० सालीच त्यांचे अकाली निधन झाले.

विश्वचषकाच्या विजेतीला ५० हजार डॉलरचे पारितोषिक मिळाले. महाराष्ट्र शासनाने नागपुरात तिचा सत्कार करून तीन कोटी रुपये दिले, हे उचितच झाले. पण पारितोषिक विजयानंतर येते आणि खर्च विजयापूर्वी करावा लागतो, ही साधी गोष्ट आपल्या सार्वजनिक औदार्यात बहुधा निसटते. शिखरावर पोहोचलेल्याला हार घालणे सोपे असते. पायथ्याशी उभ्या असलेल्या, दहा वर्षे वयाच्या, शिपायाच्या किंवा रिक्षाचालकाच्या गुणी मुलीला प्रवासाचे तिकीट देणे मात्र कठीण असते. कारण ती पुढे जिंकेल की नाही, हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नसते. गुंतवणुकीचा अर्थच मुळी असा, की निकाल कळण्यापूर्वी ती करावी लागते. प्याद्याकडून मात घडविण्यात पराक्रम मानणाऱ्या प्रदेशाने हे तत्त्व विसरू नये.

वर्गखोलीतील पट

आता पुन्हा मूळ प्रश्नाकडे. जो प्रसंग १९९७ साली बुद्धिबळावर आला, तोच आज प्रत्येक शाळा-महाविद्यालयावर आलेला आहे. निबंध लिहिणारे, गणित सोडविणारे, भाषांतर करणारे यंत्र विद्यार्थ्याच्या हातात आहे. उत्तर क्षणार्धात मिळते. मग विचार करण्याचे कष्ट कशासाठी, हा प्रश्न विद्यार्थी विचारतो आणि प्रामाणिक शिक्षकालाही त्याचे उत्तर चटकन सुचत नाही. बुद्धिबळाच्या जगाला हा प्रश्न सुमारे तीस वर्षे आधी पडला, म्हणून त्याने शोधलेली वाट पाहण्यासारखी आहे.

त्या जगाने यंत्रावर सरसकट बहिष्कार घातला नाही आणि त्यापुढे लोटांगणही घातले नाही. त्याने फक्त क्रम ठरविला. स्पर्धेच्या दालनात खेळाडूला मोबाइल जवळ बाळगता येत नाही. तेथे तो, त्याचे घड्याळ आणि त्याची बुद्धी. प्रत्येक खेळी त्याने स्वहस्ते कागदावर टिपावयाची. डाव संपल्यावर मात्र तोच कागद घेऊन त्याने यंत्रासमोर बसावे, कोठे चुकले ते पाहावे आणि ते का चुकले याचा स्वतः विचार करावा. आधी स्वतःचा निर्णय, मग यंत्राची तपासणी. हा क्रम ज्याने उलटविला, त्याला उत्तरे मिळतात. परंतु चेस-सायमन यांच्या प्रयोगात दिसलेला तो आकृत्यांचा साठा त्याच्या मनात कधीच तयार होत नाही. पटासमोर एकटा बसण्याची वेळ आली, की तो उघडा पडतो. आणि परीक्षेत, नोकरीत, घराच्या कर्जाचा कागद सही करताना, मतदानाच्या खोलीत, अशी एकट्याने बसण्याची वेळ प्रत्येकावर येतेच.

हाच क्रम वर्गात आणता येणार नाही काय? विद्यार्थ्याने प्रथम आपले उत्तर कागदावर लिहावे, त्याची कारणे लिहावीत. त्यानंतर यंत्राचे उत्तर शेजारी मांडून दोहोंतील अंतर समजावून घ्यावे. आणि गुण द्यावयाचे ते अंतर समजून घेण्याला. यासाठी नवी इमारत लागत नाही की मोठे अनुदान लागत नाही. प्रत्येक शाळेच्या ग्रंथालयात दोनचार पट असावेत आणि आठवड्यातून एक तास त्यांसाठी राखून ठेवावा. तेथून सगळेच ग्रँडमास्टर निघणार नाहीत. तशी अपेक्षाही नाही. गणिताचे गुण त्यामुळे वाढतील, असे भरमसाट आश्वासनही कोणी देऊ नये. पण आपली पाळी येईपर्यंत थांबणे, दुसऱ्याच्या बाजूने विचार करणे, केलेली खेळी आपली म्हणून स्वीकारणे आणि हरल्यावर प्रतिस्पर्ध्याशी हस्तांदोलन करून पुन्हा मोहरी मांडणे, एवढे जरी मुले त्या तासात शिकली, तरी तो तास वाया गेला असे म्हणता येणार नाही.

बाटुमीच्या त्या दालनात विजय निश्चित होताच दिव्याला अश्रू आवरले नाहीत आणि तिने आईला मिठी मारली. त्याच क्षणी संगणकाच्या पडद्यावर एक आकडा बदलला. तो आकडा अचूक होता, याविषयी शंका नाही. पण नागपुरात ज्यांनी ते दृश्य पाहिले, त्यांच्यापैकी कोणालाही आज तो आकडा आठवत नसेल. अश्रू आठवतात, कारण त्यांच्यामागे हरण्याची शक्यता पत्करून घेतलेले निर्णय होते. उत्तरे पुरविण्याचे काम यंत्राने खुशाल करावे. खेळी कोणती करावयाची, हे ठरविण्याची पाळी मात्र माणसाने कोणाच्याही स्वाधीन करू नये.